फिलिपिनो थीमच्या कपड्यांचा पॉप-अप स्टॉल (बे एरिया): माल, कागदपत्रं, तंबू, हिशोब

उसवलेली_शिवण

डेली सिटी, युनियन सिटी, सॅन फ्रान्सिस्कोचा सोमा भाग इथे फिलिपिनो मंडळींचे बाजार भरतात. तिथे फिलिपिनो भागीदाराबरोबर टी-शर्ट, टोट (कापडी पिशव्या) आणि थोडे बारोंग (पातळ, पारदर्शक कापडाचे फिलिपिनो सदरे) असा १० बाय १० फुटांचा स्टॉल लावायचा आहे. चित्रं भागीदार काढणार, छपाई बाहेरून करून घेणार. भांडवल ३,००० डॉलर. पहिला बाजार कुठला धरावा, माल किती भरावा, कागदपत्रं कोणती, चुका कुठे होतात, हे हवं आहे. "करू की नको" हा प्रश्न नाही, ते ठरलंय.

हिशोबनीस

आधी तारखा. १२ जून हा फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन (१८९८), त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी गर्दी असते. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या येरबा ब्युएना गार्डन्सला पिस्ताहान हा मोठा फिलिपिनो उत्सव. ऑक्टोबर हा फिलिपिनो अमेरिकन इतिहासाचा महिना, कारण १८ ऑक्टोबर १५८७ ला स्पॅनिश गलबतावरचे फिलिपिनो खलाशी कॅलिफोर्नियात मोरो बे इथे उतरले होते. आणि फिलिपिनो नाताळ सप्टेंबरलाच सुरू होतो! ज्या महिन्यांच्या नावात शेवटी 'बर' येतं ते सगळे नाताळाचे.

पिस्ताहानसारख्या मोठ्या जागी पहिला स्टॉल लावू नका. भाडं जास्त, अर्ज काही महिने आधी बंद होतात, आणि कुठलं चित्र खपतं हे कळायच्या आत माल छापून बसलेला असतो. सप्टेंबरमध्ये एक-दोन छोटे बाजार (चर्चचं आवार, कम्युनिटी सेंटर, दारूभट्टीचं अंगण), मग ऑक्टोबर, मग डिसेंबर. चाललं तर जूनचा माल फेब्रुवारीत ठरवा.

कागदपत्रं, क्रमाने:

सेलर्स परमिट (विक्रीचा परवाना) सीडीटीएफए, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या करखात्याकडून. फी नाही. एकाच जागी ९० दिवसांच्या आत विक्री आटोपणार असेल तर तात्पुरतं मिळतं, पण तुम्ही वर्षभर फिरणार, तेव्हा कायमचंच घ्या. विक्री शून्य असली तरी विवरण भरावं लागतं, इथे नवखे हमखास चुकतात. हे परमिट हातात असलं की कोरे टी-शर्ट आणि छपाई 'पुनर्विक्रीसाठी' म्हणून विक्रीकर न भरता घेता येतात, दुकानदाराला रीसेल सर्टिफिकेट द्यायचं.

बाजाराचा आयोजक ४१०-डी नावाचा फॉर्म भरून घेईल, त्यात परमिट नंबर लागतो. नंबर नसेल तर तंबूची काठीही उभी करू देणार नाहीत.

धंद्याचं नाव स्वतःच्या नावापेक्षा वेगळं असेल तर काउंटीत फिक्टिशियस बिझनेस नेम (धंद्याचं टोपणनाव) नोंदवा, नंतर स्थानिक वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा असं चार आठवडे छापून आणायचं. पाच वर्षांनी नूतनीकरण. शहराचा व्यवसाय दाखला वेगळा, प्रत्येक शहराचा आपला नियम.

विमा: आयोजक बहुतेक वेळा एका घटनेला १० लाख डॉलरची जबाबदारी मागतात, शिवाय स्वतःचं नाव 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून घालायला सांगतात. एका दिवसाची पॉलिसीही मिळते.

टाका_दोरा

लेबलांकडे कुणी बघत नाही आणि तिथेच नियम सगळ्यांत कडक आहेत. कपड्यावर तीन गोष्टी हव्यातच: कापडात कुठला धागा किती टक्के, कुठल्या देशात बनला, आणि बनवणारा किंवा विकणारा कोण (नाव किंवा एफटीसी या केंद्रीय व्यापार आयोगाकडून फुकट मिळणारा आरएन हा नोंदणी नंबर). धुण्याच्या सूचना चौथ्या. स्वतःच्या ब्रँडचं लेबल लावायला मूळ लेबल कापलंत, तर ही सगळी माहिती तुमच्या लेबलावर आली पाहिजे. आणि होंडुरासमध्ये शिवलेल्या टी-शर्टवर ओकलंडमध्ये छपाई केली म्हणून तो 'मेड इन यूएसए' होत नाही.

लहान मुलांचे कपडे सुरुवातीला टाळा. १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठीच्या मालाला शिशाची मर्यादा आहे (छपाईच्या थरात ९० पीपीएम म्हणजे दहा लाखांत ९० भाग, बाकी भागात १०० पीपीएम), चाचणीचे कागद आणि प्रमाणपत्र लागतं, मागोवा घेता येईल असं लेबल लागतं. छोट्या उत्पादकांना काही सवलती आहेत, पण सगळ्यातून नाही. बाळांचे 'लोला'ज फेव्हरिट' (आजीचं लाडकं) छापलेले झबले हातोहात खपतात हे खरं, म्हणून तर सगळे त्यात अडकतात.

शाईवाला

छपाई आणि कोरा माल.

कोरे टी-शर्ट तीन जातीचे धरा. गिल्डन ५००० (५.३ औंस, स्वस्त, खरखरीत), बेला कॅनव्हास ३००१ (४.२ औंस, मऊ, अंगाला बसणारा), कम्फर्ट कलर्स १७१७ (६.१ औंस, धुतल्यासारखा रंग, महाग). फिलिपिनो बाजारात तिशीतली पिढी ३००१ नाहीतर १७१७ उचलते. 'टिटो' मंडळी ३००१ पोटावर ओढून बघतात आणि परत ठेवतात, त्यांच्यासाठी १७१७ चे मोठे आकार ठेवा. टिटो म्हणजे काका-मामा, टिटा म्हणजे मावशी-आत्या, आते म्हणजे ताई, कुया म्हणजे दादा. ही चार नावं छापलेला माल भेट म्हणून जातो, त्यामुळे त्यात आकारांची खिचडी जास्त लागते.

एका चित्राचे ४८ नग असे वाटा: एस ६, एम १३, एल १४, एक्सएल १०, डबल एक्सएल ५. पहिल्या दोन बाजारांनंतर कुठला आकार आधी संपला ते लिहून ठेवा आणि पुढची ऑर्डर त्याप्रमाणे फिरवा. चित्रं चारपेक्षा जास्त नकोत. आठ चित्रं गुणिले पाच आकार म्हणजे चाळीस ढीग, आणि गिऱ्हाइकाला हवा तोच ढीग रिकामा.

गडद कापडावर दोन रंगी चित्र म्हणजे तीन पडदे (शाई गाळून छापायच्या जाळ्या, एका रंगाला एक), कारण खाली पांढऱ्याचा थर लागतो. भाव विचारताना हे आधीच विचारा, नाहीतर बिल आल्यावर डोळे पांढरे. प्लॅस्टिसॉल (प्लॅस्टिकची, उष्णतेने घट्ट होणारी) शाई साधारण ३२० अंश फॅरनहाइटला पूर्ण थरभर शिजावी लागते. वरून कोरडी आणि आतून कच्ची राहिली की तिसऱ्या-चौथ्या धुण्याला भेगा पडतात. माल ताब्यात घेताना एक नग उचला, छपाई दोन्ही हातांनी ताणा. तडकली तर पूर्ण लॉट परत. त्यातलाच एक नग घरच्या मशीनमध्ये पाच वेळा गरम पाण्यात धुवून बघा.

लाल पॉलिएस्टरवर पांढरी शाई देऊ नका. शिजताना कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरा तारा गुलाबी होतो. झेंड्याचे रंग असलेल्या जर्सीवर हे हटकून होतं. घ्यायचीच तर कमी तापमानाची शाई आणि मध्ये रंग अडवणारा थर, दोन्ही.

बे_एरियातला_बंडू

जागेवर डीटीएफ फिल्म (आधीच चित्र छापलेली फिल्म, गरम प्रेसने कापडावर चिकटवायची) दाबून द्यायची कल्पना कशी आहे? म्हणजे आकारांचा माल कोरा ठेवायचा, चित्र गिऱ्हाईक निवडेल तसं.

शाईवाला

चालते, वीज असेल तर. १५ बाय १५ इंची प्रेस १,४०० ते १,८०० वॉट खाते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर सलग १,४४० वॉटच्या वर जाऊ नये, आणि बाजारात तेच सॉकेट शेजारचा लुम्पिया (फिलिपिनो स्प्रिंग रोल) तळणाराही वापरत असतो. फ्यूज उडाला की दोघांचा धंदा बंद. स्वतंत्र सर्किट लेखी मागा. आणि प्रेस पुढच्या टेबलावर ठेवू नका, पोरं हात लावतात.

बाराखडी

छपाईच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे लिपी. बायबायिन (टागालोग भाषेची जुनी लिपी) अक्षरांचे टी-शर्ट प्रत्येक तिसऱ्या स्टॉलवर असतात आणि त्यातले बरेच चुकलेले असतात.

आपल्याला ही लिपी कळायला पाच मिनिटं पुरतात, कारण तीही ब्राह्मीच्याच घराण्यातली. व्यंजनात 'अ' धरलेलाच असतो. कुद्लित नावाचं टिंब वर दिलं की 'इ' किंवा 'ए', खाली दिलं की 'उ' किंवा 'ओ'. जुन्या पद्धतीत पाय मोडायची सोय नव्हती, शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नसत. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने खाली अधिकचिन्ह देऊन 'अ' काढायची युक्ती आणली, म्हणजे आपला हलन्तच.

चूक अशी होते: चित्रकार फुकटचा फॉन्ट उतरवतो आणि रोमनमध्ये 'कापातिद' (भावंड) टाइप करतो. फॉन्ट प्रत्येक रोमन अक्षराला एक चिन्ह देतो आणि छापून येतं क-अ-प-अ-त-इ-द. आपल्याकडे कुणी 'कमल' ऐवजी 'कअमअल' छापून विकावं तसं. बरोबर रूप चारच चिन्हांचं: क, प, त वर टिंब, द खाली अधिकचिन्ह. नोटो सान्स टागालोग हा युनिकोड फॉन्ट घ्या, अक्षरं एकेक निवडून टाका, मग फाइल बाह्यरेषांत बदला. नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की टिंबं गळतात.

टिंब बारीक ठेवू नका. छपाईत एक मिलिमीटरच्या खालचा ठिपका शाईत बुडतो किंवा पडद्यावर येतच नाही, आणि 'इ' चा 'अ' होतो.

अजून दोन गोष्टी. 'ब' म्हणजे स्त्री, 'ल' म्हणजे पुरुष, मिळून ईश्वर असले गूढ अर्थ मालाच्या चिठ्ठीवर लिहू नका, जाणकार लगेच हसतात. आणि बायबायिन म्हणजे सगळ्या फिलिपिन्सची लिपी असंही लिहू नका. हानुनुओ मांग्यान, बुहिद, ताग्बानवा यांच्या लिप्या वेगळ्या आणि आजही जिवंत, कापाम्पांगानांची कुलितान वेगळी. डेली सिटीत इलोकानो आणि बिसाया बोलणारी गिऱ्हाइकं भरपूर. एखादं चित्र त्यांच्या भाषेतलं ठेवलंत तर ती थांबतात, कारण बाकी सगळे टागालोगमध्येच छापतात. इलोकानोत दादा 'मानोंग', ताई 'मानांग'.

जाता जाता: गुरो, मुखा, आसा, दिवाता हे टागालोग शब्द कुणाला ओळखीचे वाटले तर वाटायलाच हवेत. गुरू, मुख, आशा, देवता. फिलिपिन्समधल्या लागुनाच्या ताम्रपटावर तर शके ८२२ आणि वैशाख आहे.

उसवलेली_शिवण

हे माहीत नव्हतं. झेंडा आणि आदिवासी नक्षी यांचं काय? भागीदाराच्या यादीत सूर्य-तारे, जीपनी (तिकडची रंगीबेरंगी प्रवासी गाडी), ताबो, टनालाकची पट्टी आणि कलिंगा या तिथल्या जमातीचं गोंदण आहे.

बाराखडी

झेंडा: निळा पट्टा वर म्हणजे शांतता, लाल वर म्हणजे युद्ध. उभा टांगला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला निळा. तंबूच्या खांबाला बॅनर बांधताना हे उलटं होतं आणि दिवसभर लोक येऊन सांगत बसतात. सूर्याला किरण आठ, ते स्पेनविरुद्ध उठलेल्या आठ प्रांतांचे. सात किंवा दहा काढले की तो नुसता सूर्य. फिलिपिन्सच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे (प्रजासत्ताक कायदा ८४९१) झेंडा पोशाख म्हणून वापरणं मना आहे. तो अमेरिकेत लागू नाही, पण निवृत्त नौसैनिक गिऱ्हाईक तो जाणतं. अख्खा झेंडा अंगभर छापू नका. सूर्य वेगळा, तारे वेगळे, रंग थोडे दबके, यावर कुणी हरकत घेत नाही.

ताबो छापा, बिनधास्त. न्हाणीघरातला तो डबा बघून प्रत्येक जण हसतो. आपले लोकही घेतील, त्यांना तांब्या समजावून सांगावा लागत नाही.

जीपनीही चालेल, पण तिच्या कपाळावर मार्गाचं नाव खरं घाला: कियापो, कुबाओ, बाक्लारान. काल्पनिक नाव लगेच पकडतात.

प्रसिद्ध खाद्यसाखळीची मधमाशी, मुष्टियोद्ध्याचा चेहरा हे नको. विडंबन म्हणून चालेल असं सगळे म्हणतात, कपड्यावर ते फारसं टिकत नाही. फिलिपिनो शेतमजुरांचे नेते लॅरी इतलियोंग यांचा चेहरा काढायचा मोहही होतो, २५ ऑक्टोबर कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाचा दिवस आहे. पण इथे माणसाच्या प्रतिमेवरचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांकडे राहू शकतो, आणि ते १९७७ मध्ये गेले. परवानगी घ्या, नाहीतर द्राक्षाचा घड आणि 'डेलानो १९६५' (तिथल्या द्राक्षमळ्यांतला मजुरांचा संप) एवढं पुरतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

टाका_दोरा

कापडाचं मी लिहिते.

टनालाक म्हणजे दक्षिण कोताबातोतल्या लेक सेबूच्या टिबोली जमातीच्या बायकांनी आबाकाच्या (केळीच्या जातीच्या झाडाच्या) धाग्यावर बांधणी करून विणलेलं कापड. नक्षी स्वप्नात येते अशी श्रद्धा आहे, आणि ते कापणं अशुभ मानतात. त्याची नक्षी स्कॅन करून टी-शर्टवर छापणं म्हणजे कुणाच्या तरी मालकीची गोष्ट उचलणं. फिलिपिन्समध्ये १९९७ चा आदिवासी हक्क कायदा समाजाची संमती मागतो. कलिंगा गोंदणाचंही तेच. यादीतून काढा. खरं टनालाक ठेवायचं तर विणकरांच्या गटाकडून तयार पाकिटं-पिशव्या घ्या आणि चिठ्ठीवर समाजाचं नाव लिहा. शिवाय टी-शर्टला आबाकाची पट्टी शिवली तर पहिल्याच धुण्यात सुती कापड आटतं, पट्टी आटत नाही, शिवण गोळा होते.

त्यापेक्षा इनाबेल घ्या. इलोकोसचं सुती हातमागाचं कापड, बिनाकुल म्हणजे डोळ्यांसमोर भोवरा फिरतो अशी नक्षी. खिशासाठी उत्तम. आधी टी-शर्ट आणि इनाबेल दोन्ही धुवून वाळवा. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, दोघांचं आधीच आटून जाऊ दे. वीण सैल असते म्हणून मागे पातळ चिकटकापड इस्त्रीने लावा, मग कापा. कडेला १ सेंटीमीटर जागा, ओव्हरलॉक, मग दुमडून टीप. खिशाच्या वरच्या कोपऱ्यांना उलटसुलट तीन-चार टाके, तिथेच उसवतो.

बारोंग: मोजके ठेवा, पाच-सहा. आकलानच्या कालिबोचा पिन्या (अननसाच्या पानांचा धागा, त्या हातमागाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं) स्टॉलवर ठेवायची वस्तू नाही. ऊन, हळदीचे हात, सॉस. हुसी या दुसऱ्या पारदर्शक कापडाचे ठेवा. 'हुसी' नावाने आज बरंचसं पॉलिएस्टरच येतं, तेव्हा लेबलावर जे आहे तेच लिहा, 'अननसाचं कापड' म्हणून विकू नका. टिटा लोक चिमटीत धरून सांगतात काय आहे ते. इस्त्री मंद, वर सुती फडकं ठेवून, नाहीतर चकाकी येते आणि ती जात नाही. घडी घालून नेऊ नका, हँगरवर, कापडी खोळीत. पुतळ्याला आत पांढरी कामिसा घाला, उघड्या प्लास्टिकवर पारदर्शक बारोंग वाईट दिसतो. आणि खोचून दाखवू नका, तो बाहेरच असतो.

मनिलाहून पार्सल मागवणार असाल तर ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

तंबूचा_खांब

कॅनपी विकत घेताना कॅलिफोर्निया फायर मार्शलचा शिक्का कापडावर शिवलेला आहे का ते बघा. नसेल तर अधिकारी सकाळी आठला तंबू उतरवायला लावतो. प्रत्येक पायाला किमान ४० पौंड वजन. पाच गॅलनची बादली पाण्याने भरली की साधारण ४२ पौंड, म्हणजे घरून वजन वाहायची गरज नाही, तिथे नळ आहे एवढी खात्री करा. बादली पायाला नुसती टेकवून ठेवू नका, वरच्या चौकटीपासून पट्ट्याने खाली ताणून बांधा. सॅन फ्रान्सिस्को आणि डेली सिटीत उन्हाळ्यात दुपारी दोननंतर समुद्रावरून वारा सुटतो. मागची भिंत लावली की तंबूचं शीड होतं. वारा वाढला की भिंत आधी सोडा, माल नंतर आवरा.

चाकांचे रॅक गवतावर आडवे होतात. जाळीचे पॅनल इंग्रजी 'एल' आकारात बांधा. प्रत्येक चित्राचा एकच नग डोळ्यांच्या उंचीला, समोर तोंड करून. बाकी माल आकाराप्रमाणे खोक्यांत, खोक्यावर बाहेरून ठळक अक्षर. रात्रीच्या बाजारात पिवळा दिवा लावला की गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात, पांढरा एलईडी घ्या.

हिशोबनीस

एका नगाचा हिशोब, उदाहरणादाखल: कोरा ५ डॉलर, छपाई पडद्यांच्या खर्चासकट ५.२५, लेबल-पिशवी ०.७५. एकूण ११. विक्री ३० ला, कार्डाचं शुल्क धरा ०.९०. हातात १८.१०. जागाभाडं १५० असेल तर नऊ नग विकले की भाडं सुटलं.

बे_एरियातला_बंडू

विक्रीकर कुठे गेला? 'करासहित ३०' अशी पाटी लावणार ना?

हिशोबनीस

बरोबर, राहिलाच. सॅन फ्रान्सिस्कोत ८.६२५ टक्के धरला तर ३० मधले तुमचे २७.६२, बाकी २.३८ सरकारचे. हातात उरतात १५.७२. भाड्यासाठी दहा नग. आणि दोन माणसं नऊ तास, ताशी २० डॉलर धरली (स्वतःचेच तास असले तरी धरा) तर ३६० आणखी, मग तेहतीस नग. छोट्या बाजारात तेहतीस सहज जात नाहीत. म्हणून ३,००० पैकी मालात १,६०० च्या वर घालू नका. कॅनपी, पॅनल, विमा, दोन बाजारांचं भाडं यात बाकीचे जातात. करासहित किंमत ठेवायची तर पाटी दिसेल अशी लावा. शहर बदललं की दर बदलतो, तो मशीनमध्ये त्या दिवशी बदला.

गल्ल्यात १०० डॉलर सुट्टे: ५ च्या दहा, १ च्या पन्नास नोटा. घासाघीस होते, तिला 'तावाद' म्हणतात. एका नगावर सूट देऊ नका, 'दोन ५५ ला' ठेवा, म्हणजे दोघांचंही मन राहतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला 'सुकी' म्हणतात, त्याला एखादा स्टिकर जादा. आणि भवानीला तिकडे 'बुएना मानो' म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट मालावरून फिरवताना बघून भागीदाराला हसू नका, आपण कपाळाला लावतो तेच ते.

उसवलेली_शिवण

टनालाक आणि गोंदण काढलं. सप्टेंबरसाठी तीन चित्रं: ताबो, कुबाओची जीपनी, आणि बायबायिनमध्ये 'काइबिगान' (मित्र). फाइल आली आहे, उद्या छापायला जाते. अक्षरं डावीकडून: क, इ, ब खाली टिंब, ग, न खाली अधिकचिन्ह. ठीक आहे ना?

बाराखडी

थांबवा. ब खाली टिंब म्हणजे 'बु' किंवा 'बो', शब्द 'काइबुगान' होतो. टिंब वर घ्या. बाकी चारही चिन्हं बरोबर. नवी फाइल गेली की छापणाऱ्याकडून कागदावर खऱ्या मापाचा नमुना मागवा आणि टिंबावर पट्टी ठेवून मोजा.

शाईवाला

पट्टीवर दीड मिलिमीटर भरलं तर होकार द्या.